गाणाऱ्या पेटीचे दप्तर

आमच्या एका पुणेकर स्नेह्यांनी मुंबईतील बंद झालेल्या एका इराणी हॉटेलातून निघालेला जूकबॉक्स विकत घेतला आणि टेंपोत घालून घरी आणला. चार हमालांस तो जिन्याच्या वळणावर आवरेना, म्हणून वरच्या दिवाणखान्याऐवजी खालच्या पडवीतच त्याची स्थापना झाली. ज्या वाचकांच्या पाहण्यात हे यंत्र आले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, जूकबॉक्स म्हणजे नाणे टाकून दोन कळा दाबल्या असता आपल्या पसंतीची तबकडी आपण होऊन उचलणारी, वाजविणारी आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवणारी पेटी. स्नेह्यांची पेटी अमेरिकन बनावटीची, पन्नास तबकड्यांची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून शंभर गाण्यांची आहे. ती घरी आली तेव्हा एकही गाणे वाजत नव्हते.

स्नेह्यांचा संकल्प असा की, पेटी कारखान्यातून जशी निघाली असेल अगदी तशी करावयाची. आम्हीही त्या वेळी ह्यास मान डोलाविली. ह्या ‘तशी’ शब्दाने पुढे जो घोटाळा केला त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे. परंतु ती नीट समजण्यास ह्या पेटीचे कूळ प्रथम पाहिले पाहिजे.

ते कूळ दारूच्या गुत्त्यातले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढील दशकात तो बाजारात आला, तेव्हा कचेरीत साहेबाने मजकूर बोलावा व कारकुनाने तो ऐकून उतरून घ्यावा, हाच त्याचा मुख्य उपयोग मानला जात होता. कचेऱ्यांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को येथील लुई ग्लास नावाच्या गृहस्थाने २३ नोव्हेंबर १८८९ रोजी पॅले रॉयाल नामक गुत्त्यात नाण्यावर चालणारा फोनोग्राफ मांडून पाहिला. मेणाचे एकच नळकांडे, त्यावर एकच गाणे, आणि त्यास कानाला लावावयाच्या चार नळ्या. प्रत्येक नळीस नाण्याचे स्वतंत्र भोक. चौघांनी चार नाणी टाकली की चौघे तेच गाणे एका वेळी ऐकत, आणि शेजारी उभ्या असलेल्या पाचव्यास त्यातले काही ऐकू येत नसे. पुढील वर्षी शिकागो येथे भरलेल्या फोनोग्राफ कंपन्यांच्या परिषदेत ग्लासने आपल्या मिळकतीचा हिशेब सांगितला. पहिल्याच यंत्राने सहा महिन्यांच्या आत हजार डॉलरांवर कमाई केली होती. पाच पाच सेंटांच्या नाण्यांनी हजार डॉलर भरावयाचे तर वीस हजार नाणी पडावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परिषदेत केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना येते.

ह्या पहिल्या यंत्रात दोन उणिवा होत्या. निवड नव्हती आणि आवाज नव्हता. पैकी निवडीची सोय आधी झाली. शिकागोच्या जॉन गेबलने १९०६ साली चोवीस तबकड्यांचे यंत्र बाजारात आणले. त्यात हवे ते गाणे निवडून हाताने दांडा फिरवावा लागे. आवाजाचा प्रश्न मात्र १९२५ साली विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण होऊ लागेपर्यंत व व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर तयार होईपर्यंत सुटला नाही. १९२७ साली ग्रँड रॅपिड्स येथील ऑटोमॅटिक म्युझिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीने निवड आणि विजेने वाढविलेला आवाज ही दोन्ही एकत्र आणली. पुढच्याच वर्षी सीबर्ग कंपनीने जे यंत्र काढले त्यात आठ तबकड्या आठ निरनिराळ्या चक्त्यांवर बसविलेल्या असून त्या सर्व चक्त्या जत्रेतील रहाटपाळण्याप्रमाणे फिरत. ज्या तबकडीचा पाळणा वर येईल ती वाजे. इतका द्राविडी प्राणायाम पाहून आज हसू येते. पण तो पाळणा फिरू लागल्यावर एक गोष्ट कायमची पालटली. ग्लासच्या गुत्त्यात नाणे टाकणारा स्वतःपुरते ऐकत होता. आता एकाने नाणे टाकावयाचे आणि सगळ्या दुकानाने ऐकावयाचे, असा रिवाज सुरू झाला. हा सार्वजनिक बळजबरीचा रिवाज हेच जूकबॉक्सचे खरे लक्षण होय, असे आम्हांस वाटते.

नंतरचा उत्कर्ष थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली, गुत्ते पुन्हा उघडले. परंतु मंदीचे दिवस, वाजंत्री ठेवण्यास कोणाजवळ पैसा नाही. ती जागा पेटीने घेतली. ‘जूक’ हा शब्द मूळचा दक्षिणेकडील निग्रो लोकांच्या गल्ला बोलीतला असून त्याचा अर्थ धांगडधिंग्याचा, बेशिस्त असा आहे. त्यांच्या नाचगाण्याच्या झोपडीवजा अड्ड्यांस जूक म्हणत. कारखानदारांस ह्या नावाची लाज वाटे आणि जाहिरातींत ते ‘स्वयंचलित फोनोग्राफ’ असे भारदस्त नाव छापीत. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. ज्या काळ्या गायकांस रेडिओचे दरवाजे बहुतेक बंद होते त्यांची गाणी ह्या पेट्यांतून गावोगाव गेली, कारण पेटीस रंग कळे तो नाण्याचा. उलट पक्षी हेही सांगितले पाहिजे की, अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याने नाण्याच्या यंत्रांस सूट दिली असल्यामुळे ह्या वादनाबद्दल गीतकारास व संगीतकारास एक कपर्दिकही मिळत नसे. ही सूट १ जानेवारी १९७८ पर्यंत चालली. आणि संपली तेव्हा पेटीमागे वर्षाचे आठ डॉलर एवढाच आकार बसला!

आपल्या देशाचा ह्या उद्योगाशी संबंध पुष्कळ आधीचा आहे. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या बनत, आणि ती लाख पळस, बोर, कुसुंब ह्या झाडांवरून, विशेषतः छोटा नागपूरकडून जात असे. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेत शेकडा सत्तर कपात केली, तिचे कारण हेच. त्याच वर्षी पेट्यांचे कारखानेही युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपताच १९४६ साली वुर्लिट्झर कंपनीने पॉल फुलर ह्या कलावंताच्या आराखड्याची, रंगीत प्रकाशाची आणि बुडबुड्यांच्या नळ्यांची १०१५ क्रमांकाची पेटी काढली व ती छप्पन हजारांवर खपली. चित्रांत जूकबॉक्स म्हणून जी दिसते ती हीच. परंतु तीत गाणी चोवीसच. १९४८ च्या अखेरीस सीबर्गने पन्नास तबकड्या पुस्तकांप्रमाणे ओळीने उभ्या लावून शंभर गाण्यांची सोय केली. १९४९ साली ४५ फेऱ्यांची सात इंची हलकी तबकडी आली, १९५० साली ती पेटीत शिरली, आणि लाखेचा काळ संपला. स्नेह्यांची पेटी ह्याच नव्या पिढीतील आहे.

आता पडवीकडे वळू. रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेले, सत्तरी उलटलेले एक कारागीर बोलाविण्यात आले होते. स्नेही प्लग घेऊन उभे. कारागिरांनी पेटीचे मागचे दार उघडून आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, आधी वीज नाही, आधी झाडू.” आत उंदरांचे घरटे होते. ते काढण्यास व रबराचा चुरा झालेल्या तारा ओळखून त्यांवर खुणा करण्यास दोन दिवस गेले. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रास एकदम वीज देणे म्हणजे दीर्घ उपोषण केलेल्या मनुष्यास उठवून पुरणपोळीच्या पंक्तीस बसविणे होय. जुने कागदी कंडेन्सर ओल धरून गळू लागलेले असतात. असा कंडेन्सर शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीपाशी असला की नको ती वीज जाळीवर जाते, व्हॉल्व्ह लालभडक तापतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुर्मिळ ट्रान्स्फॉर्मर जळतो. म्हणून कारागिरांनी कंडेन्सर आधी बदलले आणि मग वीज दिली तीही सिरीज दिव्यातून. दिवा प्रखर पेटला तर आत कोठेतरी वाट जुळलेली आहे असे समजावे; क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. दिवा मंद झाला. मूळच्या दोन पायांच्या पिनेऐवजी तीन पायांची पिन लावून लोखंडी सांगाडा जमिनीशी जोडण्यात आला. जे मूळपण मनुष्यास झटका देऊन मारू शकते त्याविषयी आम्हांस लवमात्र आदर नाही. कोणी हे काम घरी करू पाहील तर त्याने हेही ध्यानात ठेवावे की, वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत ती साठून राहते, आणि ती रिकामी केल्याखेरीज आत हात घालावयाचा नाही.

वीज मिळताच पेटी जिवंत झाली. परंतु तबकडी उचलणारी गाडी पन्नास तबकड्यांच्या ओळीपुढून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नुसती फेऱ्या घालू लागली, कोठे थांबेचना. दफ्तरखान्यातील कारकुनास कागदाचा क्रमांक न सांगता धाडावे तशी तिची गत. अशा वेळी यंत्राची कामे क्रमाने आठवून नेमके कोणते काम झाले नाही ते पाहावे लागते. कळ दाबली गेली, निवड नोंदली गेली, गाडी धावली; ‘येथे थांब’ हा निरोप मात्र पोहोचला नाही. दोष मोठा नव्हता. निरोप पोहोचविणाऱ्या चांदीच्या टिकल्यांवर काळे किटण चढले होते. काचकागदाने घासले तर चांदीच निघून जाते. कारागिरांनी जाड कोऱ्या कागदाची पट्टी टिकल्यांमध्ये घालून दहा-पंधरा वेळा ओढली, आणि गाडी थांबू लागली. निवड लक्षात ठेवण्याची ही युक्ती पुढे कोठवर गेली ते जाता जाता सांगण्यासारखे आहे. १९५५ सालच्या दोनशे गाण्यांच्या सीबर्ग पेटीत प्रत्येक गाण्यामागे एकेक चुंबकीय कडे असे. असल्याच कड्यांची स्मृती मॅसॅच्युसेट्समधील व्हर्लविंड ह्या मोठ्या गणकयंत्रात १९५३ साली बसविली गेली होती. म्हणजे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतील नवलाई दोन वर्षांत चहाकॉफीच्या दुकानात आली.

गाडी थांबली, तबकडी उचलली, सुई टेकली आणि गाणे सुरू झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. परंतु गाणे मरगळलेले होते. गाणारी बाई तापातून उठून गात असावी असे वाटे. स्नेह्यांनी जुन्या ग्रीजवर ठपका ठेवला. रॉकेलने धुऊन, हलके तेल देऊनही फरक पडेना. आमच्या वहिनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, चांगली वाजवितात. त्यांनी ती शेजारी आणून सूर ताडून पाहिला आणि म्हणाल्या, “भावजी, ही तबकडी रेंगाळत नाही; सबंधच उतरली आहे. काळी चारचे गाणे नेमके पांढरी चारवर आले आहे.” हा शेरा आम्हांस फार मोलाचा वाटला. ग्रीज घट्ट झाले असते किंवा रबरी चाक घसरत असते तर सूर डळमळला असता. येथे तो स्थिर राहून तीन पट्ट्या खाली बसला होता. तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवून आम्ही एका मिनिटातील फेऱ्या मोजल्या. पंचेचाळीसऐवजी जेमतेम साडेसदतीस भरल्या.

पंचेचाळीस आणि साडेसदतीस ह्यांचे प्रमाण सहास पाच. कोमल गंधार व षड्ज ह्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाणही तेच. आणि अमेरिकेतील विजेची सेकंदास साठ आवर्तने व आपल्याकडील पन्नास ह्यांचेही तेच. स्नेह्यांनी आपली २३० व्होल्टची वीज उतरवून ११५ वर आणणारा ट्रान्स्फॉर्मर लावला होता आणि तेवढ्याने सर्व झाले असे ते समजत होते. पण ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवितो, आवर्तनांस हात लावीत नाही. आणि असली मोटर आवर्तनांच्या मागून चालते. तीन मिनिटांचे गाणे त्यामुळे तीन मिनिटे छत्तीस सेकंद चालले होते.

मग प्रश्न असा की, हीच पेटी मुंबईत वर्षानुवर्षे कशी वाजली? विचारता विचारता कळले की जुनी मोटर अडकलेली पाहून स्नेह्यांनी, कारागिरांस बोलावण्यापूर्वीच, अमेरिकेहून ‘अस्सल’ मोटर मागवून बसविली होती. जुनी मोटर माळ्यावरच्या डब्यात पडली होती. ती काढून पाहिली. तिच्या दांड्यावर एक पितळी नळी चढविलेली होती, आणि तिची जाडी नव्या मोटरीच्या दांड्याच्या सव्वापटीच्या किंचित आत होती. दांडा जितका जाड तितके त्याला टेकलेले चाक अधिक फिरते. पन्नास आवर्तनांच्या देशासाठी केलेली ती तजवीज होती. आणि मोटर बिघडलेलीही नव्हती. ग्रीज लाखेसारखे कडक झाल्याने नुसती अडकली होती. ती धुऊन परत बसविली आणि बाई काळी चारमध्ये गाऊ लागली.

ह्या प्रसंगाने स्नेही थोडे वरमले, पण संकल्प सुटला नाही. नाणे पारखणाऱ्या भागात दोन रिकामी स्क्रूची भोके होती. अमेरिकन माहितीपुस्तकात पाहता तेथे लोहचुंबक असावयास हवा होता. तोही मागविण्यात आला. चुंबकाचे काम लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडण्याचे. अमेरिकन पाच सेंटांत तीन भाग तांबे व एक भाग निकेल असल्याने ते नाणे चुंबकास धरवत नाही. स्नेह्यांनी जपून ठेवलेले १९६० च्या सुमाराचे चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे, टाकले. ते जे चुंबकास चिकटले ते खाली उतरेचना. कारण १९५७ पासून १९६८ पर्यंतचे आपले पंचवीस पैशांचे नाणे शुद्ध निकेलचे आहे, आणि निकेल लोखंडाप्रमाणेच चुंबकाकडे धावते. मुंबईतील कोणा अज्ञात मिस्त्रीने चुंबक हरवलेला नव्हता. समजून उमजून काढला होता, आणि नाण्याच्या तराजूतही आपल्या नाण्याच्या बेताने बदल केला होता.

येथे आम्ही स्नेह्यांस थोडे स्पष्टपणे बोललो. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद चाळलेल्या मनुष्यास हे ठाऊक असते की, कागदावर मूळ मजकुराबरोबर पुढल्या हातांचे शेरे, शिक्के, हिशेबाच्या खुणाही असतात, आणि मूळ मजकूर तेवढा खरा मानून बाकीचे पुसून टाकणारा संशोधक नव्हे. ही पेटी कारखान्यात राहिली किती दिवस? इराण्याच्या हॉटेलात राहिली ती किती वर्षे? पितळी नळी, काढलेला चुंबक आणि ज्या तबकड्यांची लहान भोके पेटीच्या दीड इंची खुंटासाठी हाताने कोरून मोठी केली आहेत त्या तबकड्या, ह्या सर्वांत मुंबई आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तेथील काही इराणी हॉटेलांत ह्या पेट्या गात असत, आणि घरी रेडिओचा कान पिळण्याचा अधिकार फक्त वडिलांस असलेली मुले चार आण्यांत सगळ्या हॉटेलास आपल्या आवडीचे ऐकावयास लावीत. हा अधिकार त्यांस दुसऱ्या कोठे मिळाला असता? पुढे घरोघर कॅसेट आली आणि चार आण्यांची ती सत्ता संपली. ती कारखान्याच्या मूळ स्थितीत कोठेच नव्हती.

स्नेही म्हणाले, “तुम्हां इतिहासवाल्यांस धूळही पवित्र वाटते.” ह्यात थोडे तथ्य आहे. उंदराचे घरटे जपा असे आम्ही म्हटले नव्हते. पण पार्सलात आणखी दोन वस्तू होत्या, नव्या कळांचा संच आणि १९५५ च्या अमेरिकन गाण्यांच्या छापील नामपट्ट्या, आणि त्या लागल्या असत्या तर पुसले जाण्याजोगे जे उरले होते तेही गेले असते. पेटीत आज ज्या नामपट्ट्या आहेत त्या टंकयंत्रावर केलेल्या आहेत. हिंदी चित्रपटांची गाणी रोमन लिपीत, मध्येच इंग्रजी गाणी, आणि दोन पट्ट्यांवर शाईने लिहिलेले गुजराती अक्षर. कळांपैकी ‘डी’ आणि ‘सात’ ह्यांवरील अक्षरे बोटांनी पार झिजली आहेत. स्नेह्यांच्या मुलाने लागलीच अनुमान काढले की डी-सात हेच सर्वांत लाडके गाणे. हे घाईचे झाले. प्रत्येक अक्षर दहा गाण्यांत येते, तसाच प्रत्येक अंक दहा गाण्यांत. शिवाय तबकड्या वेळोवेळी बदलत. अमेरिकेत काही पेट्यांच्या पोटात गाण्यागणिक मोजदाद करणारे यंत्र असे, आणि तेथील ‘बिलबोर्ड’ पत्र १९४४ पासून १९५७ पर्यंत पेट्यांवर अधिक वाजलेल्या गाण्यांचा स्वतंत्र तक्ता छापीत असे. आमच्या पेटीत मोजदाद नाही. झिजलेल्या दोन कळा आहेत, आणि त्यांवरून कोणीतरी काहीतरी पुन्हा पुन्हा ऐकले एवढेच सांगता येते. डी-सातची तबकडी आज इतकी घासलेली आहे की दुसऱ्या कडव्यात सुई उडी मारते. तीही बदलावयाची नाही असे शेवटी ठरले, आणि कळांचे पार्सल न फोडता माळ्यावर गेले. चुंबक पुन्हा काढण्यात आला. लाकडावरील सिगारेटच्या डागांविषयी मात्र एकमत झाले नाही. वहिनींनी ते घासून टाकले, आणि घर त्यांचे असल्यामुळे आम्ही गप्प बसलो.

पेटीचा तळ झाडताना पैशाच्या डब्यामागे कानशीने घासून चार आण्यांच्या मापाच्या केलेल्या दोन लोखंडी चकत्या सापडल्या. चुंबक नसल्याचा फायदा मुंबईत कोणीतरी घेतलेला दिसतो. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले आहे, आणि घरभर शोधूनही मुलांस तशी तीनच मिळाली. तेव्हा पाचव्या गाण्यापर्यंत मजल जावी म्हणून ती त्या दोन चकत्याही टाकतात, आणि पेटी त्या घेते.